विकाऊ छप्पर

सोव्हिएत सत्ता कोसळल्यावर रशियन व्यापाऱ्यांच्या बोलीत ‘क्रिशा’ हा शब्द रूढ झाला. मूळ अर्थ छप्पर; नवा अर्थ, पैसे मोजून घ्यावयाचे संरक्षण. ते प्रथम गुंडांनी विकले. १९९२ च्या कायद्याने खासगी सुरक्षासंस्थांना मान्यता मिळताच त्याच बाजारात माजी पोलीस व हेर उतरले.

राज्य दुबळे झाले म्हणून ही सोय करावी लागली, असे बाजारवादी पंडित सांगतात. मग फिलिप बोबकोव्ह यांचे काय? विरोधी मताच्या लेखक-विचारवंतांचा छळ करणाऱ्या केजीबीच्या पाचव्या विभागाचे हे अनेक वर्षे प्रमुख. हेच गृहस्थ पुढे गुसिन्स्की या धनाढ्याच्या ‘मोस्त’ समूहात दाखल झाले! जनतेच्या पैशावर कमावलेले कसब भांडवलदाराच्या दाराशी रुजू झाले, याला दुबळेपणा म्हणत नाहीत. ही विक्री होय. डिसेंबर १९९४ मध्ये येल्त्सिन यांच्या सुरक्षा दलाने याच ‘मोस्त’च्या रक्षकांना मॉस्कोत बर्फात पालथे पाडले. सरकारी दल कोणते आणि खासगी कोणते, हे सामान्य मॉस्कोकराने कसे ओळखावे?

त्याच वर्षांत कामगारांचे वेतन महिनोन्महिने थकत होते. त्यांची ही लूट अडविण्यास एकही रक्षक नेमला गेला नाही.