हरलेल्या यंत्राने डाव कसा सोडावा?

आपल्यावरची मात अटळ झाली की राजा पटावर आडवा करून हात पुढे करावा, आणि आपला विजय निश्चित झाला की समोरच्याला ताटकळत न ठेवता सरळ मार्गाने डाव संपवावा, हा बुद्धिबळातील शिरस्ता कोणत्याही नियमपुस्तकाने सक्तीचा केलेला नसूनही पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. कारण पटाच्या दोन्ही बाजूंस माणसे बसत होती, आणि पराभवाची लाज व विजयाचा कैफ ही दोन्ही त्यांनी स्वतः भोगलेली होती. आता एका बाजूस यंत्र आले आहे. त्याला लाज नाही, कैफही नाही. म्हणूनच त्याच्या वर्तनाची जबाबदारी ते घडविणाऱ्यांवर येते, आणि ती त्यांनी पुरेशा गांभीर्याने उचललेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोलापूर-धुळे महामार्गावरच्या आमच्या वडीगोद्रीत, अंबड तालुक्यातील इतर गावांप्रमाणेच, पट मांडून बसणारे आता थोडे आणि मोबाईलवर संगणकाशी खेळणारी मुले पुष्कळ. एसटीची वाट पाहणाऱ्या अशाच एका मुलाचा डाव मी मध्यंतरी शेजारी बसून पाहिला. यंत्रावरची मात दोन चालींवर आली होती. तेवढ्यात यंत्राने आपला हत्ती निष्कारण शह देऊन मारवून घेतला, पाठोपाठ घोडा तसाच मारवला, मग वजीरही घातला. मुलगा वैतागून म्हणाला, ‘‘आबा, हारलंय तरी सोडीना हे.’’ पलीकडचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘‘हारल्यावर हात पुढं करायचं त्याला कुणी शिकवलंच नसंल, बाळा.’’

म्हाताऱ्यांचे निदान अचूक होते. ठराविक चालींपलीकडे न पाहणारी आज्ञावली संकट आपल्या दृष्टीच्या टप्प्याबाहेर ढकलले म्हणजे ते टळले असे धरून चालते, आणि त्यासाठी एकेक मोहरा उधळीत जाते. हान्स बर्लिनर या संगणकतज्ज्ञ बुद्धिबळपटूने 1970 च्या दशकात या दोषाला क्षितिजाचे नाव दिले. जिंकणाऱ्या यंत्राचा दोष याच्या उलट. पुढ्यातील सर्वच चाली विजयाकडे नेणाऱ्या असल्या, आणि जवळची मात व लांबची मात यांत भेद करण्याची तजवीज कर्त्याने केलेली नसली, तर ते हातची मात सोडून प्याद्यांचे वजीर करीत बसते, आणि समोरचा माणूस विनाकारण अपमानित होतो.

तर मग हरू लागताच यंत्राने डाव सोडावा, असा सरसकट हुकूम काढावा काय? मुळीच नाही. बेल प्रयोगशाळेतील केन टॉम्पसन यांनी वजीर विरुद्ध हत्ती या अंतिम पर्वाची प्रत्येक स्थिती संगणकाकडून सोडवून घेतली, आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेचा विजेता वॉल्टर ब्राउन पैज लावून त्या यंत्रापुढे वजीर घेऊन बसला. पुस्तकांच्या मते सोपा असलेला तो डाव त्याला पन्नास चालींच्या मर्यादेत जिंकता आला नाही, कारण माणूस ज्या चाली कधी खेळला नसता त्या खेळून यंत्र चिवटपणे तग धरीत राहिले. ब्राउनने मग त्या स्थितीचा कसून अभ्यास केला, आणि दुसऱ्या खेपेस बरोबर पन्नासाव्या चालीवर हत्ती जिंकला. इथे यंत्राचा चिवटपणा हाच त्याचा उपकार ठरला. परंतु ब्राउनने ते आव्हान स्वखुशीने पत्करले होते, ही गोष्ट मला निर्णायक वाटते.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै 2025 मध्ये बाटुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि त्या विजयाच्या आनंदातही आपल्याला डावाच्या शेवटाचा अभ्यास करायला हवा, असे तिने मोकळेपणाने सांगितले. विश्वचषक जिंकणारीची ही भावना, तर राजा-हत्तीने एकट्या राजाला मात करणे नुकतेच शिकू लागलेल्या खेड्यातील मुलापुढून यंत्राने आधीच डाव उचलून नेला, तर ते त्याची हातची शिकवणी हिरावून नेण्यासारखेच होईल.

म्हणून डाव कुठवर खेळायचा याची मुखत्यारी यंत्राकडे नसावी, माणसाकडे असावी, एवढीच माझी मागणी आहे. हरलेल्या यंत्राने विचारावे की, मात होईपर्यंत खेळायचे आहे, की मी येथेच डाव सोडू. आणि मिळालेले उत्तर पुढच्या डावांतही ध्यानात ठेवावे. जिंकणाऱ्या यंत्राने जवळात जवळची मात करावी; निर्जीव बरोबरी दिसताच ती स्वतः देऊ करावी. ज्या यंत्राला कोट्यवधी स्थिती मोजता येतात त्याला एक प्रश्न विचारणे जड नाही. मार्च 2016 मध्ये सोल येथे ‘गो’ या पटावरच्या खेळाच्या चौथ्या डावात ली सेडोल या खेळाडूने अल्फागो या यंत्राला हरविले, तेव्हा त्या यंत्रानेही आधी काही दिशाहीन चाली केल्या, पण अखेर पडद्यावर शरणागतीचा संदेश उमटला. तेथे यंत्राच्या वतीने पटावर खडे ठेवणारा एक माणूस ली समोर बसलेला होता, त्यामुळे त्या क्षणाचा अदब राखला गेला. मोबाईलवर असा माणूस नाही. त्याची जागा आज्ञावलीच्या शब्दांनीच भरून काढावी लागेल, आणि आमच्या मुलांसाठी ते शब्द मराठीत असावे लागतील.

आपल्या देशी बुद्धिबळात तर या बाबतीत मोठी सूक्ष्मता होती. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला की डाव बुर्जी होऊन बरोबरीत सुटे. त्यामुळे जिंकणाऱ्याला समोरच्याचे सर्वस्व लुटून चालत नसे, त्याचे एखादे मोहरे राखूनच मात करावी लागे, आणि प्याद्याने केलेल्या मातेचा मान सर्वांत मोठा समजला जाई. विजेत्यावर एवढे बंधन घालणारा नियम आमच्या आजोबांनी पाळला, तो संगणकाच्या पटावरही निवडता यावा. त्यासाठी लागणारे काम फार नाही. देशी नियम जाणणारी माणसे मराठवाड्याच्या गावागावांत अजून बसलेली आहेत, त्यांना विचारून ते आजच लिहून घेता येतील.