कळफलकावर अग्रहक्क अक्षराचा

कळफलकावरील एकच कळजोडी कधी अक्षर उमटवते, तर कधी आज्ञा देते. विंडोज प्रणालीत उजवीकडील 'ऑल्ट-जीआर' ही कळ 'कंट्रोल' व 'ऑल्ट' या जोडीसमान मानली जाते. पोलिश भाषक तिच्यासह 'एल' दाबून तिरकी रेघ असलेले अक्षर लिहितो. टेक्स्ट एडिटरने तीच जोडी एखाद्या आज्ञेसाठी योजलेली असल्यास ते अक्षर उमटतच नाही. निरुपायाने साधा 'एल' लिहिल्यास 'कृपा' या अर्थाच्या शब्दाचा अर्थ 'काठी' असा होतो. मराठीतील 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतील भेदही असाच सूक्ष्म, परंतु अर्थनिर्णायक आहे. अशी चिन्हे म्हणजे लिपीचे अलंकार नव्हेत. आज्ञेसाठी दुसरी कळ योजता येते. अक्षराऐवजी दुसरे अक्षर चालत नाही. म्हणून अग्रहक्क अक्षराचाच असावा, असे माझे मत आहे.