डोळा लाल झाला म्हणून रक्त पातळ करणारी गोळी बंद करू नका

सकाळी दात घासताना आरशात पाहिलं आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचा लालभडक डाग दिसला, की भल्याभल्यांचे हातपाय गळतात. रात्री झोपताना तर डोळा ठीक होता. दुखत नाही, पाणी येत नाही, चिपडं नाहीत, मग हे काय? तेवढ्यात घरातलं कोणीतरी म्हणतं, "अहो, तुम्ही ती रक्त पातळ करणारी गोळी घेता ना? तिनेच झालं असणार. आधी ती बंद करा." आणि गोळी बंद होते. असा डोळा दाखवायला माझ्याकडे येणाऱ्या अनेकांनी येण्याआधीच दोन-तीन दिवस गोळी घेतलेली नसते. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांना असा सल्ला देणाऱ्यांसाठीही. त्यात काही डॉक्टरसुद्धा आले.

आधी डागाचं सांगतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक आवरण असतं. त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. जोराची शिंक, खोकल्याची उबळ, बद्धकोष्ठामुळे कुंथणं, उलटी, झोपेत डोळा चोळला जाणं, वाढलेला रक्तदाब, यांपैकी कशानेही त्यातली एखादी फुटते. कधी काहीच कारण सापडत नाही. फुटल्यावर येणारं रक्त फार तर एक-दोन थेंब असतं, पण ते त्या आवरणाखाली पसरतं आणि मागे पांढराशुभ्र भाग असल्यामुळे भयंकर दिसतं. हाताला मार लागला तर त्वचेखालचं रक्त काळंनिळं दिसतं. इथे हवेतला ऑक्सिजन त्या पातळ आवरणातून रक्तापर्यंत पोचत राहतो, म्हणून ते लालच राहतं.

पहिल्या दोन दिवसांत हा डाग थोडा वाढल्यासारखा वाटतो. मग पिवळसर होत एक-दोन आठवड्यांत जातो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डाग जरा मोठा पडतो आणि जायला तीन आठवडेही लागू शकतात. गोळीचा परिणाम इतकाच. या डागाने नजर जात नाही. त्याला औषधही लागत नाही. टोचल्यासारखं वाटत असेल तर साधे कृत्रिम अश्रूंचे थेंब पुरतात. मेडिकलवाल्याकडून 'लाल डोळ्याचे ड्रॉप' आणू नका, त्यात बरेचदा स्टिरॉइड असतं. मध, गुलाबपाणी, कोथिंबिरीचा रस हेही डोळ्याबाहेरच राहू द्या.

आता गोळीकडे येऊ. 'रक्त पातळ करणारी' हे नावच फसवं आहे. या गोळ्यांनी रक्त पाण्यासारखं होत नाही, गुठळी होण्याची क्रिया मंदावते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर या गोळ्या रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटू देत नाहीत. वॉरफरिन, ॲसिनोकुमारॉल, डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सबॅन, एपिक्सबॅन या गुठळी बनवणाऱ्या घटकांवर काम करतात. (वॉरफरिन 1948 साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं, हे खरं आहे. नातेवाईक मोबाईलवर ते वाचून घाबरतात. पण 1954 पासून ते माणसांसाठीही वापरलं जातं आणि आजवर त्याने असंख्य लोकांना पक्षाघातापासून वाचवलं आहे.)

ही गोळी कोणीही हौसेने देत नाही. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्याला पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो, कारण हृदयाच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते. हृदयात धातूची झडप बसवलेली असेल तर त्या झडपेवरच गुठळी बसू शकते. नवीन स्टेंट असेल तर तोच बंद होऊ शकतो, म्हणजे पुन्हा हृदयविकाराचा झटका. नव्या गोळ्यांपैकी काहींचा परिणाम तर एक-दोन डोस चुकले तरी जवळजवळ संपतो. तुम्ही चार दिवस 'डोळ्याला विश्रांती' देता, तेव्हा हृदय आणि मेंदू त्या चार दिवसांत उघड्यावर असतात.

मला एक गृहस्थ आठवतात. वय सत्तरीच्या आसपास, ठोक्यांच्या अनियमिततेसाठी गोळी चालू होती. डोळा लाल झाला, त्यांनी गोळी थांबवली. दहा-बारा दिवसांत डाग गेला. तो गोळी घेऊनही गेलाच असता. पण त्यांनी हिशेब मांडला, की गोळी बंद केली आणि डोळा बरा झाला, म्हणजे दोष गोळीचाच. मग त्यांनी ती पुन्हा सुरूच केली नाही. काही आठवड्यांनी एका सकाळी त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. हे मला त्यांच्या पत्नीने सांगितलं, स्वतःचा मोतीबिंदू दाखवायला आल्या होत्या तेव्हा. "डोळ्याला घाबरलो आम्ही, डॉक्टर," एवढंच म्हणाल्या. आपोआप बरं होणाऱ्या दुखण्याची ही अडचण असते. त्या काळात तुम्ही जे काही कराल, त्याला श्रेय मिळतं.

म्हणजे डोळ्याकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाही. लाल डाग हा तपासणीचा इशारा समजा. त्याच दिवशी रक्तदाब मोजा. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल घेत असाल तर आयएनआर तपासून घ्या. बहुतेकांचा तो 2 ते 3 च्या दरम्यान ठेवायचा असतो, काही झडपांसाठी थोडा वर. तो फार वर गेलेला आढळला, तर गोळी किती दिवस थांबवायची, 'के' जीवनसत्त्व द्यायचं का, हे डॉक्टर तो आकडा पाहून ठरवतील. नव्या गोळ्यांचा अंदाज आयएनआरवरून येत नाही, म्हणून त्या घेणाऱ्यांनी ती तपासणी उगाच करू नये.

आयएनआर वर जाण्यामागे बहुतेक वेळा एखादं साधं कारण निघतं. गुडघेदुखीसाठी कोणी दिलेल्या गोळ्या, दाताच्या किंवा लघवीच्या संसर्गाचं प्रतिजैविक, नायट्यासाठी घेतलेलं फ्लुकोनॅझोल. किंवा नेहमी खाल्ली जाणारी पालक-मेथी आजारपणात एकदम बंद झालेली असते. पालेभाजी वर्ज्य नाही, प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा. वेदनाशामक मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नकाच. काहींनी आयएनआर वर जातो, काहींनी तो न बदलताही पोटात रक्तस्राव होतो. डागाबरोबर हिरड्यांतून रक्त, काळी शौच, लाल लघवी, अंगावर काळेनिळे वण असं काही असेल तर उद्यावर ढकलू नका.

डोळ्याच्या आतला रक्तस्राव ही वेगळी गोष्ट आहे, आणि गंमत म्हणजे तो बाहेरून दिसत नाही. डोळा पांढराशुभ्र असतो, पण अचानक काळे ठिपके, जळमटं, धूर किंवा लालसर पडदा दिसतो. ओळखण्यासाठी एक सोपी परीक्षा करा. एक डोळा तळहाताने झाका आणि भिंतीवरच्या कालनिर्णयातली तारीख वाचा, मग दुसरा झाका. एका डोळ्याने कमी दिसलं, रेषा वाकड्या दिसल्या, डोळा ठणकत असेल, किंवा डोळ्याला वा डोक्याला मार लागला असेल, तर वाट पाहू नका. अंधूक दिसत असेल किंवा डोळा दुखत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. डोक्याला मार लागून, तोही गोळी चालू असताना, डोळा लाल झाला असेल तर थेट रुग्णालयात जा.

अशा आतल्या रक्तस्रावाचं मूळ बहुधा पडद्याच्या आजारात असतं, मधुमेह हे त्यातलं मोठं कारण. म्हणून मधुमेही विचारतात, "मग ॲस्पिरिन तरी बंद करू का?" अमेरिकेत 3711 मधुमेहींवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निम्म्यांना रोज 650 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं होतं. आपल्याकडे हृदयासाठी बहुधा 75 किंवा 150 मिलिग्रॅम देतात. 1991 साली निष्कर्ष आले, ॲस्पिरिनमुळे डोळ्यातला रक्तस्राव वाढला नव्हता. पडद्याची वार्षिक तपासणी चुकवणं हा त्याहून कितीतरी मोठा धोका आहे.

थोडं आमच्याबद्दलही. ज्या डॉक्टरने गोळी सुरू केली नाही, त्याने ती परस्पर बंद करू नये, असं माझं मत आहे, आणि यात मी नेत्रतज्ज्ञांनाही धरतो. डोळा पाहून "चार दिवस बंद ठेवा" म्हणणं सोपं असतं, त्याचं बिल हृदयाच्या खात्यावर पडतं. दुसरी चूक सुरुवातीलाच होते. डिस्चार्जच्या कागदावर गोळीचं नाव असतं, पण ती कशासाठी आणि किती काळ घ्यायची, हे बरेचदा लिहिलेलं नसतं. ज्याला गोळीचं कारण माहीत नाही, तो ती लाल डागाला घाबरून सोडणारच. पुढच्या भेटीत हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून मागा. कोणाच्याही सल्ल्याशिवाय वर्षानुवर्षं ॲस्पिरिन घेत असाल, तर तेही त्याच वेळी सांगा. काहींना ते लागतच नसतं.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीही हाच घोटाळा होतो. शेजाऱ्याची गोळी पाच दिवस बंद केली होती, म्हणून तुमचीही घरीच बंद होते. थेंबांनी भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियेत ती बहुतेक वेळा चालूच ठेवतात. इंजेक्शनची भूल असेल तर सर्जन आणि तुमचे हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतील. त्यासाठी पहिल्याच भेटीला सगळ्या गोळ्या पाकिटासकट पिशवीत घालून आणा. "एक छोटी पांढरी गोळी आहे, रात्रीची" एवढ्यावरून मला काही कळत नाही.