उबवणीची अंडी आणि खंडित वीज

अर्जुनी मोरगाव तालुका हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा मुलूख होय. नवेगावबांधचा तलाव व इटियाडोहचे धरण ह्यांमुळे येथील धानशेतीला आधार आहे. परंतु धान विकून हाती आलेला पैसा वर्षभर पुरत नाही. अशा वेळी घरची मीठमिरची, मुलांच्या वह्या आणि औषधपाणी ह्यांचा खर्च पुष्कळदा परसातील कोंबड्यांवर भागतो. हा धंदा बहुतेक स्त्रियांच्या हाती असतो व त्याचे उत्पन्नही त्यांच्याच हाती राहते. म्हणूनच त्याचा विचार गंभीरपणे व्हावयास हवा.

अलीकडे बचत गटांतून व काही घरांतून पन्नास ते शंभर अंड्यांची विजेवर चालणारी लहान उबवणी यंत्रे आली आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानातून २०२१ पासून ग्रामीण कुक्कुट प्रकल्पांना, उबवणी केंद्रासह, ५० टक्के व कमाल २५ लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली आहे. तथापि यंत्र घेताना किंमत, क्षमता व अनुदान ह्यांची जितकी चौकशी होते, तितकी वीज गेल्यावर काय करावयाचे ह्याची होत नाही. माझ्या मते, वीज गेल्यावर करावयाची सोय हा यंत्राचाच एक भाग मानला पाहिजे. ती नसेल तर यंत्र अपुरे आहे असेच समजावे.

आपल्या जिल्ह्यात तिरोडा येथे ३,३०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे, मग विजेची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु वीज निर्माण होणे आणि ती जंगलातून जाणाऱ्या तारांवाटे वादळी रात्री घरापर्यंत पोहोचणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. वैशाखातील वावटळीत एक फांदी तारेवर पडली तरी पुरवठा तासन्तास बंद राहू शकतो. कोंबडीच्या अंड्याला मात्र एकवीस दिवस अखंड ऊब लागते.

ही ऊब पंखा असलेल्या यंत्रात सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस असावी लागते. ती थोडा वेळ कमी झाल्याने गर्भ लगेच मरत नाही. खुडूक कोंबडीही दिवसातून पंधरा-वीस मिनिटे चारापाण्यासाठी अंड्यांवरून उठते. काही तास गारवा लागला तर वाढ मंदावते आणि पिले कदाचित एक दिवस उशिरा निघतात. म्हणून वीज गेली की घाबरून अंडी टाकून देणे हे मोठे नुकसान होय. चारपाच दिवसांनी अंधाऱ्या खोलीत अंडी प्रकाशासमोर धरून पाहावीत. ज्यांत रक्तवाहिन्या व हालचाल दिसेल ती जिवंत समजावीत. एकविसावा दिवस उलटला तरी आणखी दोन दिवस वाट पाहावी.

थंडीपेक्षा उष्मा अधिक घातक असतो, हे आपल्या भागात विशेष ध्यानात ठेवावे. एकाच उपायाने बारा महिने काम भागत नाही. हिवाळ्यात येथील पारा १० अंशांखालीही उतरतो. त्या रात्री यंत्राचे झाकण वारंवार उघडून पाहण्याचा मोह टाळावा, हवेची छिद्रे मोकळी ठेवून यंत्रावर गोधडी घालावी व भोवती धानाचा तूस भरलेली पोती रचावीत. तूस उष्णता धरून ठेवतो. चीनमध्ये बदकांची अंडी तापविलेल्या तुसाच्या टोपल्यांत उबविण्याची पद्धत फार जुनी आहे. कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून, अंड्यांना चिकटणार नाहीत अशा, आत ठेवाव्यात. शेगडी किंवा रॉकेलचा दिवा बंद खोलीत कदापि ठेवू नये. त्याचा धूर व विषारी वायू गर्भाला आणि माणसालाही घातक आहे.

मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीतील हवाच ४० अंशांपलीकडे जाते. पंखा बंद पडलेल्या यंत्रात तेव्हा अंडी शिजल्यासारखी होतात. अठराव्या दिवसानंतर गर्भ स्वतःही उष्णता सोडतो व त्याला हवाही अधिक लागते. अशा वेळी गोधडी घालणे म्हणजे अंड्यांचा घात करणे होय. यंत्र कौलारू, गार खोलीत हलवावे, झाकण किलकिले करावे व दारावर ओले पोते टांगावे. वीज परत आल्यावर गेलेली ऊब भरून काढण्यासाठी तापमान वाढवू नये.

बॅटरीचा हिशेबही अवघड नाही. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास वीज साठते. त्यातील निम्मीच वापरली आणि इन्व्हर्टरमधील घट वजा केली, तरी सुमारे ५०० वॅट-तास हाती उरतात. १०० वॅटचे यंत्र त्यावर पाच तास चालेल. एका घराला हा खर्च जड वाटेल. चार घरांच्या गटाला तो झेपण्यासारखा आहे.

परंतु सर्वांत स्वस्त सोय आपल्या परसातच आहे. ती म्हणजे खुडूक कोंबडी. वनराजा, गिरिराजा ह्यांसारख्या सुधारित जातींत खुडूक बसण्याची वृत्ती फारशी राहिलेली नाही. गावठी कोंबडीत ती आहे. खुडूक असताना ती अंडी देत नाही, म्हणून तिला पाण्यात बुडवून वा कोंडून उठविण्याचा प्रघात आहे. यंत्र असलेल्या घरी तो सोडावा. यंत्र भरतेवेळी दोनतीन खुडूक कोंबड्या चारदोन पोचट अंड्यांवर बसवून ठेवाव्यात. वीज दीर्घकाळ गेली, तर प्रत्येकीच्या पोटाखाली दहाबारा अंडी सहज मावतात. सगळी वाचणार नाहीत. तीस वाचली तरी पुढचा हंगाम उभा राहतो.

काहींना हे मागे जाणे वाटेल. मला तसे वाटत नाही. अंडी एकदा वाया गेली, म्हणजे केवळ त्यांची किंमत बुडत नाही. त्या बाईचा धंद्यावरील विश्वास उडतो आणि यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांना व पशुसखींना विनंती की, यंत्र बसविण्याच्या दिवशीच त्या घरी एकदा मुद्दाम वीज बंद करून पाहावे. ऊब किती वेळात उतरते ते घड्याळ लावून मोजावे. बॅटरी, तुसाची पोती व खुडूक कोंबडी ह्यांपैकी निदान दोन साधने हाताशी असल्याची खात्री करावी आणि मगच पहिले अंडे यंत्रात ठेवू द्यावे.