स्वस्तातले रहस्य

मंडळी, आज थोडे भांडायचे आहे.

दिवाळीत नातू पुण्याहून आला होता. रात्री त्याला 'इत्तेफाक' बघायला बसवले. राजेश खन्ना-नंदाचा, १९६९ चा. २०१७ चा नवा नव्हे. अर्ध्या तासात म्हणतो, "आबा, सगळा पिक्चर एकाच घरात? पैसे संपले होते का यांचे?" आणि हसला.

ते हसणे टोचले, कारण ते त्याच्या एकट्याचे नाही. कमी खर्चातला जुना रहस्यपट म्हणजे थट्टेचा विषय, असे शिकलेली माणसे धरूनच चालतात. कौतुक केलेच तर 'त्या काळाच्या मानाने बरा' एवढेच. ही मेहेरबानी मला मान्य नाही.

दुसऱ्या एका चित्रपटाचे काम अडले होते, त्या मोकळ्या वेळात यश चोप्रांनी 'इत्तेफाक' उरकला. गोष्ट एका गुजराती नाटकाची. पावसाची एक रात्र, बहुतेक एकच घर आणि गाणे एकही नाही. मग दिग्दर्शकाच्या हाती उरते काय? माणसाचा चेहरा, बंद दार आणि बाहेरचा पाऊस. त्यामुळे नंदाने नुसती नजर वळवली तरी आपल्याला संशय येतो. चोप्रांना दिग्दर्शनाचा फिल्मफेअर पुरस्कार याच चित्रपटासाठी मिळाला, हे हसणाऱ्यांना माहीत नसते.

आपल्या मराठीतलेच बघा. राजा परांजपे यांचा 'पाठलाग', १९६४ चा, जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा. काशिनाथ घाणेकर वकील; पत्नी गेलेली, आणि हुबेहूब तिच्यासारखी बाई आरोपी म्हणून समोर उभी! दोनच वर्षांनी हिंदीत त्याचाच 'मेरा साया' झाला. रंग आले, उदयपूर आले, मदनमोहनची गाणी आली. गाणी सुंदरच, वाद नाही. पण गोष्ट मात्र आपल्या काळ्या-पांढऱ्या चित्रपटातूनच न्यावी लागली.

तो 'पाठलाग' मी डव्ह्याच्या यात्रेत, तंबूत पाहिला. वाशीम जिल्हा १९९८ साली झाला. तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. रथसप्तमीची थंडी, खाली जमीन, अंगावर घोंगडी. रीळ बदलताना दिवा लागे आणि तेवढ्या वेळात अख्खा तंबू भांडे. बाई खरी की खोटी? शेजारचा गाडीवान म्हणे खोटी, मागची म्हातारी म्हणे खरी, आणि दोघांकडेही कारणे होती. पुढे मास्तर होऊन जन्मभर मुलांना 'विचार करा' सांगत राहिलो, पण इतका मन लावून विचार करणारा वर्ग मला कधी मिळाला नाही.

आणि तोच मी, मुलांच्या दप्तरातून बाबुराव अर्नाळकरांची पुस्तके काढून कपाटात कोंडत असे. एका पोराला तर छडीही मारली. क्रमिक पुस्तक न उघडणारा तो मुलगा झुंजारच्या कथा रात्री कंदिलाखाली वाचत होता. मी त्याची पाठ थोपटायला हवी होती. माझे चुकले. म्हणूनही आज जरा जोरात भांडतो आहे.

दोष आहेतच. चिकटवलेली मिशी ओळखू येते, अड्ड्याची भिंत धक्क्याने हलते, आणि शेवटी इन्स्पेक्टर उभ्या उभ्या सगळा उलगडा सांगून टाकतो. कबूल. पण आता मोबाईलवर एकच खून आठ-आठ भाग पुरवतात, ताकात पाणी वाढवावे तसा. वरून डोंगर दाखवतात, खालून गाड्या दाखवतात. मी तिसऱ्या भागात झोपतो. जुन्यांना रीळही मोजून वापरावे लागे, म्हणून ते आपला वेळही मोजून घेत.

असो. त्या रात्री नातवाने मधेच मोबाईल उलटा ठेवला आणि शेवटपर्यंत बसला. झाल्यावर काही बोलला नाही. सकाळी चहा घेताना विचारतो, "आबा, त्या इन्स्पेक्टर कर्वेंना नक्की कधी कळलं असेल?"

मी सांगितले नाही. म्हटले, पुन्हा बघ.