प्रेतापुढे उभी जिवंत बाई

लेतीत्सिया बात्ताल्या या इटालियन छायाचित्रकार बाईने उतारवयात आपल्याच गाजलेल्या फोटोंवर नव्याने काम केले. माझ्या एका मैत्रिणीला ते खटकते. ‘तो पुरावा होता, त्यात ढवळाढवळ कशाला?’ असे ती विचारते. मला तिचे म्हणणे पटत नाही.

बात्ताल्या १९३५ साली सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात जन्मली. सोळाव्या वर्षी लग्न, पुढे तीन मुली. १९७१ मध्ये ती संसारातून बाहेर पडली. पोटासाठी वृत्तपत्रांत लिहू लागली आणि लेखासोबत फोटो हवेत म्हणून कॅमेरा हाती धरला. १९७४ पासून ती पालेर्मोच्या ‘लोरा’ या डाव्या दैनिकासाठी फोटो काढू लागली. माफियांनी रस्त्यात पाडलेली प्रेते, आक्रोश करणाऱ्या आया-बायका, सारे कृष्णधवल आणि अगदी जवळून टिपलेले. १९७९ च्या तिच्या एका फोटोत बडे राजकारणी आंद्रेओत्ती हे माफियाशी संबंध असलेल्या नीनो साल्वोसोबत दिसतात. ही ओळखच आंद्रेओत्तींनी नाकारली होती. पुढे तो फोटो खटल्यात पुरावा ठरला. त्याच काळात ती गरीब वस्त्यांतल्या मुलीही टिपत होती. हातात चेंडू घेऊन आपल्याकडे रोखून पाहणारी १९८० सालची मुलगी त्यांतलीच.

१९९२ मध्ये माफियाविरोधी न्यायाधीश फाल्कोने यांची हत्या झाली, तेव्हा मात्र तिला फोटो काढवला नाही. पुढे काही वर्षांनी तिने जुने फोटो बाहेर काढले आणि प्रेतांच्या पुढ्यात जिवंत बाया-मुली आणून उभ्या केल्या. मूळ फोटो आहेत तसेच आहेत. पुरावा कुठे गेलेला नाही. मग तिने बदलले काय? जुन्या फोटोंत मारणारे पुरुष, मरणारेही बहुतेक पुरुष, आणि बाईच्या वाट्याला रडणे. हे खरे होते, पण अपुरे होते. त्याच शहरात बायका जगत होत्या, झगडत होत्या. ती स्वतः नगरपालिकेत निवडून गेली होती. १९९१ मध्ये मैत्रिणींसोबत तिने ‘मेत्झोचेलो’, म्हणजे ‘अर्धे आकाश’, हे स्त्रियांचे नियतकालिकही काढले होते.

अत्याचाराविरुद्ध काम करताना आपणही बाईला पीडित म्हणूनच दाखवत राहतो. पुरावा हवाच. पण त्याच्या पुढ्यात कोणाला उभे करायचे, हा प्रश्न बात्ताल्याने सत्तरीच्या आसपास हाती घेतला. आपण तेवढा उशीर करू नये, असे मला वाटते.