दुधाळ तेल आणि निरपराध पंप

सीमाभागातील एका शेतकरी वाचकाचे पत्र आमच्यापुढे आहे. वडिलांच्या वेळचा मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टर नांगर उचलताना कुरकुरतो, हिसके देतो. तेल पाहावे तर ताकासारखे पांढरे. फिटरने नवा पंप सुचविला आहे. कर्ज काढावे, की ट्रॅक्टर भंगारात द्यावा? आमचे स्पष्ट मत असे की, तूर्त दोन्ही करू नये.

या यंत्राचे कूळ जाणून घेतले तर रोग समजतो. आयर्लंडातील शेतकऱ्याचा पुत्र हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) याने नांगर आणि ट्रॅक्टर यांस हायड्रॉलिक लिफ्टने एकजीव केले. त्याचा करडा टीई-२० इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते याच जातीच्या ट्रॅक्टरांवरून! ३५ हा त्याचाच वारस. पुढे १९६० साली मद्रास येथे स्थापन झालेल्या टॅफे कंपनीने हे घराणे आपल्याकडे रुजविले.

या घराण्यात गिअरपेटी, मागचा आस आणि हायड्रॉलिक यांना तेल एकच असते. टीई-२० मध्ये ते सुमारे सहा गॅलन, म्हणजे २७ लिटर मावते. पंप त्या तेलातच बुडालेला असतो. त्यामुळे गिअरच्या दांड्याचे रबर फाटून पावसाचे पाणी आत उतरले, किंवा थंडीत आतल्या हवेचे दव साचले, की ते पाणी थेट पंपाच्या तोंडी जाते. ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उघड्यावर उभा राहिला की हे हमखास घडते. दोष पंपाचा नव्हे, छपराचा!

मात्र पांढरेपणा हवेच्या फेसानेही येतो. तेल कमी असले की पंप हवा ओढतो. म्हणून काचेच्या बरणीत थोडे तेल रात्रभर ठेवावे. फेस असेल तर तेल निवळते. पाणी असेल तर ते गढूळच राहते, किंवा पाणी तळाशी बसते. तापलेल्या जुन्या पळीवर एक थेंब टाकला आणि तो तडतडला, तरी पाण्याची खूण पटते. (पळी स्वयंपाकघरातील नसावी, गृहिणींचा रोष आम्हांस नको.) तेलाची पातळी सपाट जागी, नांगर खाली टेकवून पाहावी. दहा कुमारींच्या दाखल्यात तेल आहे की नाही एवढाच प्रश्न होता. येथे ते कोणते आहे, हेही विचारावे लागते. हाताशी आले ते तेल ओतू नये. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सांगितलेलेच घ्यावे. पातळीच्या वरही भरू नये, नाहीतर ते सील ओलांडून ब्रेकमध्ये उतरते, आणि उतारावर ब्रेक लागत नाही.

लिफ्ट मुळीच हलत नसेल, तर आधी पी.टी.ओ.चा दांडा पाहावा. टीई-२० चा पंप त्याच शाफ्टवर फिरतो. दांडा सुटलेला असला की पंप थांबतो. या एका दांड्यापायी निष्कारण उघडलेले ट्रॅक्टर थोडे नसतील!

शुद्ध तेल भरूनही ठरावीक ठेक्यात हिसके येत राहिले, तर पंपातील एखादी झडप किंवा पिस्टनची रिंग झिजली असावी. इंजिन बंद करताच नांगर झरझर खाली येत असेल, तर गळती बहुधा लिफ्टच्या सिलिंडरकडे शोधावी. पंप उघडण्याची पाळी या चाचण्यांनंतर.

एक गोष्ट मात्र आम्ही हात जोडून सांगतो. उचललेल्या नांगराखाली कोणीही, विशेषतः मुलांनी, जाऊ नये. काम करण्यापूर्वी तो जमिनीवर टेकवावा. दाबाखाली फवारणारे तेल बोटाने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. ते कातडीत शिरले तर जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येते. तत्काळ इस्पितळ गाठावे.

आता आमच्या वाचकाने असे करावे. ट्रॅक्टर रात्रभर स्थिर ठेवून सकाळी तळाचे बूच किंचित सैल करावे. साचलेले पाणी आधी येईल. मग बूच आवळून, इंजिन चालवून, तेल कोमट करून सर्व बुचांतून काढावे. काळे तेल विहिरीजवळ वा बांधावर ओतू नये. गिअरच्या दांड्याचे रबर नवे घालावे. नवे तेल थोडे दिवस वापरून पुन्हा पाहावे. आत चिकटलेला अंश त्यात मिसळून ते परत पांढरट झाले, तर आणखी एकदा बदलावे लागेल. दोन वेळचे तेल पंपापेक्षा स्वस्तच पडते.